संघ आपला, कारभार कुणाचा?



अक्कलकोट म्हटलं, की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर वटवृक्ष मंदिर येतं, दर्शनाची रांग येते, अन्नछत्रातली पंगत येते. ते योग्यच आहे. पण आज मी तुम्हांला तिथून थोडं आडवाटेला नेणार आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानापुढे शहाबादी फरशीचा कट्टा आहे. आणि आत, दुरुस्तीला आलेल्या पंख्यांच्या गर्दीत, एक टीव्ही आहे. आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळी साडेसातला सामना असेल, तर कट्ट्यावर जागा धरायला सातलाच यावं लागतं.

मी माध्यमिक शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. आता निवृत्त आहे. कट्ट्यावर मला अजून सगळे ‘सर’ म्हणतात, पण म्हणून माझं ऐकतात असं समजू नका. तिथे कापडदुकानवाले अण्णा आहेत, रिक्षा चालवणारा मामा आहे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, कॉलेजातली चार-पाच पोरं आहेत. आणि एका कोपऱ्यात, कधीही वादात न पडणारा एक माणूस आहे. त्याच्याबद्दल मी नंतर सांगणार आहे.

आमचं गाव सीमेवरचं. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही, अशी इथली तऱ्हा. १९६७ साली महाजन आयोगानं हा तालुका कर्नाटकात घालावा असं सुचवलं होतं. महाराष्ट्रानं ते मान्य केलं नाही आणि आम्ही आहोत तिथेच राहिलो. क्रिकेटच्या बाबतीत मात्र ती सीमारेषा आमच्या कट्ट्यावरूनच जाते. अर्धे मुंबई इंडियन्सचे आणि अर्धे बंगळूरचे. अण्णा बंगळूरचे कडवे. दरवर्षी मार्चमध्ये ते ‘ई साला कप नम्दे’ म्हणायचे, म्हणजे ‘यंदा कप आपलाच’, आणि मे महिन्यात मामा त्यांना त्याची आठवण करून द्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, यात भाषण करण्यासारखं काय आहे? कट्टा गावोगावी असतो. खरं आहे. पण या कट्ट्यावरच्या एका भांडणानं मला माझ्याच एका जुन्या हिशोबाची वही उघडायला लावली. ती गोष्ट सांगण्यासाठीच मी आज इथे आलो आहे.

१५ डिसेंबर २०२३ या दिवशी मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनानं जाहीर केलं, की पुढच्या हंगामापासून रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या कप्तान असेल. हार्दिक मूळचा मुंबईच्याच संघात घडलेला. २०१५ साली दहा लाख रुपयांत घेतलेलं पोरगं. पुढे तो गुजरात टायटन्सचा कप्तान झाला, २०२२ मध्ये त्यानं तिथे कप जिंकला, पुढच्या वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये परत मुंबईला आणलं आणि महिन्याच्या आत कप्तानपद दिलं.

त्या रात्री कट्ट्यावर जे झालं ते विचारू नका. मामा म्हणाला, “पाच कप जिंकून दिले ओ त्यानं! २०१३, १५, १७, १९ आणि २०२०. असा माणूस काढतात का कुणी?” काका शांतपणे म्हणाले, “२०२० नंतर एकही नाही. २०२२ ला तर आपण सगळ्यांत खाली होतो. कधी ना कधी बदल करावाच लागतो. बँकेत आमचीही बदली व्हायची, आम्ही काय मोर्चा काढला?” पोरं म्हणाली, “पण त्याला आधी सांगितलं होतं का? त्याला विचारलं होतं का?” त्यावर अण्णांनी, ते बंगळूरचे असल्यामुळे त्यांना या भांडणात आनंदच होता, एक वाक्य टाकलं, “मालकाचा संघ, मालकाची मर्जी. तुम्हांला कोण विचारतंय?”

मामा उसळला. म्हणाला, “माझी रिक्षाबी मालकाचीच आहे. पण गिऱ्हाईक रिक्षा बघून बसत नाही, मला बघून बसतंय.”

मंडळी, मी गणिताचा माणूस. मला त्या एका वाक्यात सगळा प्रश्न दिसला. संघ कुणाचा? कागदावर पाहिलं, तर उत्तर सोपं आहे. २००८ साली संघांचा लिलाव झाला, तेव्हा मुंबईचा संघ ११ कोटी १९ लाख डॉलरला विकला गेला. बंगळूरचा ११ कोटी १६ लाख डॉलरला. ज्यानं पैसे मोजले तो मालक. प्रशिक्षक तो नेमतो, कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं ते तो ठरवतो. आपण टीव्ही लावतो, तिकीट काढतो, पोराला निळी जर्सी घेऊन देतो. पण आपल्याला मत नाही.

आणि मालक बोलायला लागला की काय होतं, ते अण्णांच्या संघानं पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. राहुल द्रविड कप्तान, संघ चौदापैकी चारच सामने जिंकला आणि आठ संघांत सातवा आला. हंगाम चालू असतानाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जावं लागलं. संघनिवड द्रविडवर सोपवली ही चूक झाली, असं मालक विजय मल्ल्या यांनी उघडपणे बोलून दाखवलं. तेव्हा हेच अण्णा आठवडाभर द्रविडची बाजू घेऊन भांडत होते. मी त्यांना त्याची आठवण दिली. ते म्हणाले, “सर, ते वेगळं होतं.” आपल्या संघाचं दुःख नेहमी वेगळंच असतं.

२४ मार्च २०२४. रविवार, होळी पौर्णिमा. मुंबईचा पहिला सामना अहमदाबादला, गुजरातशीच. आमच्याकडे चौकात होळी पेटली होती आणि पोरं तोंडावर पालथा हात ठेवून बोंब ठोकत होती. इकडे टीव्हीवर हार्दिकचं नाव निघालं, की स्टेडियममधून तसाच आवाज येत होता. गुजरातचे प्रेक्षक तो सोडून गेला म्हणून ओरडत होते आणि मुंबईचे तो परत आला म्हणून. हार्दिकनं रोहितला सीमारेषेकडे पाठवलं, तेव्हा तर आमच्या कट्ट्यावरही हुर्यो उडाली. मामानं उभं राहून बोंब मारली. मीही हसलो. मुंबई सहा धावांनी हरली आणि कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. आपलाच संघ हरला आणि आपल्यालाच बरं वाटलं, असा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

होळीची बोंब एका रात्रीची असते. दुसऱ्या दिवशी ज्याच्या नावानं बोंबललो त्यालाच रंग लावायला आपण जातो. ही बोंब मात्र थांबली नाही. १ एप्रिलला वानखेडेवर, घरच्या मैदानावर, नाणेफेकीच्या वेळी इतका गोंगाट झाला, की समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं.

मग आला ११ एप्रिल, गुरुवार. त्या दिवशी ईद होती. आमच्या गल्लीतल्या एका घरातून कट्ट्यासाठी शीरखुर्म्याचं पातेलं आलं होतं. आणि सामना कुणाचा? मुंबई आणि बंगळूर! म्हणजे आमची सीमारेषा. बुमराहनं पाच बळी घेतले, मुंबई जिंकली. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. हार्दिक फलंदाजीला आला, पुन्हा हुर्यो सुरू झाली आणि समोरच्या संघातला विराट कोहली प्रेक्षकांकडे वळला. हातानं खुणावू लागला, की हे थांबवा, त्याला प्रोत्साहन द्या. कट्टा दोन क्षण गप्प झाला. अण्णांनी अभिमानानं इकडेतिकडे पाहिलं. मामा पातेल्याकडे पाहायला लागला.

आणि तेव्हा कोपऱ्यातला तो माणूस बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडे न बघता म्हणाला, “माझ्या वेळी असा हात करणारा एकबी नव्हता, सर.”

आता मला ती वही उघडलीच पाहिजे.

आमच्या गल्लीचं एक क्रीडा मंडळ आहे. गणपती बसवतं, शिवजयंती करतं आणि दिवाळीच्या सुटीत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धेत संघ उतरवतं. नव्वदच्या दशकात मी त्या मंडळाचा चिटणीस होतो आणि हा माणूस आमच्या संघाचा कप्तान. आठ वर्षं कप्तान. दिवसा सायकलच्या दुकानात काम करायचा आणि पहाटे मैदानावर पाणी मारायचा. बॅटला ग्रिप चढवण्यापासून पोरांच्या आयांची समजूत काढण्यापर्यंत सगळं तोच करायचा. एका वर्षी एका देणगीदारानं सगळ्या संघाला गणवेश आणि बूट द्यायचं कबूल केलं. अट एकच. कप्तान त्यांच्या पुतण्याला करायचं.

आम्ही कार्यकारिणीच्या चौघांनी एका दुपारी ते ठरवलं. मी चिटणीस, संघाची यादी माझ्याच हस्ताक्षरात लिहिली आणि पानपट्टीजवळच्या फळ्यावर चिकटवली. त्याला सांगायला आमच्यापैकी कुणीही गेलं नाही. मीच जायला हवं होतं. माझं घर त्याच्या घरापासून पन्नास पावलांवर होतं. त्यानं ती यादी सकाळी दूध आणायला जाताना वाचली.

तरी तो खेळायला आला. दुसऱ्याच षटकात त्याच्या हातून एक सोपा झेल सुटला आणि प्रेक्षकांतून हुर्यो उठली. पोरं होती, त्यांना काय कळतंय? पण मोठी माणसंही हसली. मी गुणलेखकाच्या टेबलावर बसलो होतो. हात वर करून “ए, गप्प बसा रे” एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? मी वहीत एक धाव लिहिली. तो सामना संपल्यावर तो पुन्हा कधीही मैदानावर आला नाही. बारा खेळाडू होते, साठ-सत्तर सभासद होते. एकानंही विचारलं नाही, की याला का काढलं?

मंडळी, मी हिशोबात कच्चा नाही. तो तेव्हा पस्तिशीला आला होता, धावताना कमी पडत होता. कप्तान बदलणं कदाचित योग्यही असेल. रोहितच्या बाबतीतही काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बदल केव्हा करायचा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि बोललंच पाहिजे. पण निर्णयावर बोलणं वेगळं आणि माणसाची हुर्यो उडवणं वेगळं. कारभाऱ्यांना जाब विचारायची आपल्यात हिंमत नसते, म्हणून आपण खेळाडूवर ओरडतो. वानखेडेवर ज्यांनी निर्णय घेतला ते आवाजाच्या पलीकडे होते. हार्दिक समोर होता. आमच्या मैदानावर निर्णय घेणारा मी टेबलावर सुखरूप बसलो होतो आणि झेल सोडणारा उन्हात उभा होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी विचार करत राहिलो, की बघ्यांनी, चाहत्यांनी बोलून कधी काही बदलतं का?

बदलतं. त्याचं उदाहरण आपल्याच मुंबईत शंभर वर्षांपूर्वीचं आहे. बाळू पालवणकर हे त्या काळातले हिंदुस्थानातले नावाजलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण जातीनं चर्मकार. पुण्यात त्यांच्या उमेदीच्या काळात बरोबरचे खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हातात घ्यायचे, चहा मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. मुंबईत तेव्हा हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशा संघांचे चौरंगी सामने होत. हिंदूंच्या संघाला बाळूंची गोलंदाजी हवी होती, पण कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनाही जेव्हा डावललं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतलं. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. क्रिकेट पाहणाऱ्या लोकांना प्रश्न विचारावा लागला, की खेळायला चालतो तो नेतृत्व करायला का चालत नाही? आणि १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंच्या संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी हिंदूंनी ती स्पर्धा जिंकलीही. पुढे विठ्ठलरावांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावानं मराठीत आत्मचरित्र लिहिलं.

त्या वादात लोकांनी कुणा खेळाडूची हुर्यो उडवली नाही म्हणून नव्हे, तर नेमका प्रश्न नेमक्या माणसांना विचारला गेला म्हणून काही बदललं, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण जरा दूरचं आहे. माझी पुतणी मेलबर्नला असते. मेलबर्नचं क्रिकेट मैदान आपल्याला टीव्हीवरून ठाऊक आहे. तिकडच्या हिवाळ्यात त्याच मैदानावर त्यांचं देशी फुटबॉल चालतं. लांबट चेंडू, एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. पुतणी तिथल्या हॉथॉर्न नावाच्या क्लबची सभासद आहे. एकदा फोनवर मी तिला आमच्या कट्ट्याची हकिकत सांगत होतो, तर ती म्हणाली, “काका, आम्हीपण असंच भांडतो. प्रशिक्षक बदला, याला खेळवू नका, त्याला विकत घ्या. फक्त आमच्याकडे मतदानाचं पत्र घरी येतं.”

मग तिनं एक गोष्ट सांगितली. १९९६ साली हॉथॉर्नची आर्थिक स्थिती बिकट झाली होती. मेलबर्न नावाच्या दुसऱ्या क्लबात हा क्लब विलीन करायचा, असा बेत कारभाऱ्यांनी आखला. सप्टेंबर महिन्यात सभासदांपुढे ठराव आला. क्लबाचा जुना कप्तान डॉन स्कॉट सभेत उभा राहिला. नव्या संघासाठी जी जर्सी ठरवली होती, ती त्यानं सगळ्यांसमोर धरली आणि तिच्यावरचा ससाणा, म्हणजे हॉथॉर्नचं चिन्ह, ओढून काढला. तो नुसता चिकटवलेला होता! खाली उरली ती मेलबर्नची जर्सी. मेलबर्नच्या सभासदांनी ठराव मंजूर केला, हॉथॉर्नच्या सभासदांनी फेटाळला आणि विलीनीकरण बारगळलं. पुढे २००८ मध्ये आणि मग २०१३, १४, १५ अशी सलग तीन वर्षं हॉथॉर्ननं अजिंक्यपद मिळवलं. मेलबर्ननंही २०२१ मध्ये ते मिळवलं. जे दोन क्लब एक करून वाचवायचे म्हणत होते, ते दोन्ही वेगवेगळे जगले.

मी ही गोष्ट कट्ट्यावर सांगितली. मामा म्हणाला, “बघा, म्हणजे मत पाहिजे! आपल्याला मुंबईत मत असतं, तर दाखवलं असतं.”

आणि मग काकांनी, त्यांच्या बँकेतल्या सवयीप्रमाणे, हळूच विचारलं, “आपल्या मंडळात तुला मत आहे की. मागच्या वार्षिक सभेला होतास का तू?”

कुणी काही बोललं नाही. कारण त्या सभेला आम्ही सात जण होतो. नियमाप्रमाणे गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली आणि त्याच नियमाप्रमाणे अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी त्याच सात जणांत पुन्हा भरली. त्या अर्ध्या तासात आम्ही चहा घेतला. पाऊण तासात वर्षभराचा हिशोब, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक आणि संघाची निवड समिती, सगळं एकमतानं मंजूर. वर्गणी वर्षाला पन्नास रुपये. मुंबईच्या कप्तानासाठी रात्री अकरापर्यंत भांडणारे आम्ही, जिथे आमचा हात वर गेला तर मोजावाच लागतो, तिथे फिरकत नव्हतो.

तेच चित्र मोठ्या प्रमाणावरही दिसतं. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ, त्यांत आपल्या जिल्ह्याच्या नावाचा सोलापूर रॉयल्स. सोलापूरचाच तरुण खेळाडू अर्शीन कुलकर्णी त्या वर्षी नाशिकच्या संघाकडून खेळला आणि त्यानं पुण्याविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा कुटल्या. आपला पोरगा दुसऱ्यांकडून का खेळतोय, आपल्या संघानं काय ठरवलं, कसं ठरवलं, यावर आमच्या कट्ट्यावर पाच मिनिटंही वाद झाला नाही. ज्या गोष्टी हाताच्या अंतरावर असतात, त्यांबद्दल आपल्याला मत बनवायला सवड नसते.

पुढचं तुम्हांला ठाऊकच आहे. त्या हंगामात मुंबई चौदापैकी चार सामने जिंकून तळाला गेली. आणि २९ जून २०२४ च्या रात्री बार्बाडोसला विश्वचषकाच्या शेवटच्या षटकात सोळा धावा वाचवायच्या होत्या, तेव्हा कप्तान रोहितनं चेंडू हार्दिकच्या हातात दिला. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो झेल घेतला. भारत सात धावांनी जिंकला. रोहितनं हार्दिकला मिठी मारली, तेव्हा हार्दिकचे डोळे भरले होते. ४ जुलैला त्याच वानखेडेवर लोकांनी ‘हार्दिक, हार्दिक’ असा गजर केला. मामानं त्या दिवशी कट्ट्यावर पेढे वाटले. मी काही बोललो नाही. पण मनात आलं, की हार्दिकला विश्वचषक मिळाला म्हणून त्याची हुर्यो धुऊन निघाली. ज्याला असा चषक मिळत नाही, त्यानं काय करायचं?

म्हणून मी एका संध्याकाळी पन्नास पावलं चाललो. वीस-पंचवीस वर्षं उशिरा. त्याच्या ओट्यावर बसलो आणि म्हणालो, “ती यादी मी लिहिली होती. तुला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.” तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, “अक्षर ओळखलं होतं मी, सर.” एवढंच. रागावला नाही, माफ केलं असंही म्हणाला नाही. मला चहा दिला.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेला एकतीस माणसं आली. मामा आला, कॉलेजची पोरं आली, अण्णाही आले, जरी त्यांना मंडळाच्या क्रिकेटपेक्षा गणपतीच्या मांडवाची काळजी जास्त. सभा चार तास चालली. मैदान सपाट करायला जेसीबीवाल्याला दिलेल्या पैशांवरून अर्धा तास भांडण झालं. मला ते भांडण फार आवडलं. शेवटी एका पोरानं ठराव मांडला, की कप्तान बदलायचा असेल तर कार्यकारिणीनं आधी त्याच्या घरी जाऊन सांगावं आणि कारण सभेत द्यावं. आणि देणगीच्या बदल्यात पद देऊ नये. ठरावाला दोघांनी विरोधही केला. हात मोजून तो मंजूर झाला.

तो माणूस मागच्या बाकावर बसला होता. निवड समितीत त्याचं नाव सुचवलं गेलं, तर तो नको म्हणाला. “निवडबिवड नको. मैदान आखायला लागलं तर येतो.” दिवाळीच्या सुटीत तो आला. हातात फक्कीचा डबा घेऊन वाकून त्यानं क्रीजची रेघ ओढली. नव्या पोरांनी विचारलं, हे काका कोण? मी सांगितलं, आठ वर्षं कप्तान होते.

आता थोडं अण्णांबद्दल सांगून थांबतो. ३ जून २०२५ ला अठरा वर्षांनी त्यांच्या बंगळूरनं कप जिंकला. पंजाबवर सहा धावांनी. त्या रात्री अण्णांनी दुकानातला एक अख्खा लाल कापडाचा तागा फाडून कट्ट्यावर वाटला. दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आनंद साजरा करायला जमलेल्या गर्दीत चेंगरून अकरा माणसं गेली. अण्णांनी संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. कट्ट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “सर, ती माणसं फक्त बघायला गेली होती.” त्यांना मत नव्हतं, वाटा नव्हता. त्यांच्याजवळ नुसती माया होती. एवढी माया करणाऱ्या माणसांची काळजी कुणी घ्यायची, हा प्रश्न विचारण्याचा तरी हक्क प्रत्येक चाहत्याला आहे. तो हुर्यो उडवून विचारता येत नाही. शांतपणे, पुन्हा पुन्हा आणि योग्य माणसाला विचारावा लागतो.

श्रोतेहो, आपल्या आवडत्या संघावरून जरूर भांडा. याला का घेतला, त्याला का काढला, खुशाल विचारा. त्यानं गल्लीतली माणसं एकमेकांशी बोलती राहतात. फक्त ओरडण्याआधी एकदा बघा, की समोर उभा आहे तो निर्णय घेणारा आहे, की नुसता उन्हात उभा असलेला. आणि तुमच्या गावातल्या मंडळाची, तालमीची, वाचनालयाची वार्षिक सभा कधी आहे, तेवढी तारीख विचारून ठेवा. आमची पुढची सभा लवकरच आहे. अर्ध्या तासाचा चहा आता आम्हांला मिळत नाही. सभा वेळेवर सुरू होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)